ओली फरशी

मी या ग्रुपवर तीन-चार वर्षं नुसतीच वाचते. खरं सांगायचं तर इथले निम्मे अनुभव वाचून हसते. कुणाला झाडावर बाई दिसते, कुणाला आरशात... मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता आली नाही, तर ती घडली असं आम्ही धरतच नाही. म्हणून खालचं सगळं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

आता मी ब्रिस्बेनकडे स्प्रिंगफील्ड लेक्सला राहते, पण ही गोष्ट पर्थची. स्टुडंट व्हिसाची लाट होती ती. आपली मुलं विमानं भरभरून उतरत होती. कुणी कुकरी, कुणी हेअरड्रेसिंग – आवड म्हणून नव्हे, तर त्या कोर्सवर पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळायची म्हणून. मी पुण्याहून मास्टर्सला आले होते. एका घरात आम्ही पाच जण राहायचो, त्यातला एक नगरचा अनिकेत. दिवसभर कुकरी कॉलेजमध्ये कांदे चिरायचा आणि उरलेल्या वेळात जुना फिल्म कॅमेरा घेऊन फिरायचा. एका युनिव्हर्सिटीच्या फोटोग्राफी कोर्सला त्याने अर्ज केला होता. शॉर्टलिस्टमध्ये आलेल्यांचं एक प्रदर्शन भरणार होतं, आणि बाहेरच्या देशातल्या मुलांसाठी जागा होत्या दोन. अट एकच – समोर जे आहे ते तसंच टिपायचं. स्वतः काही मांडायचं नाही, हलवायचं नाही.

पर्थपासून सहा-सात तासांवरच्या कालगुर्लीला माझ्या आईच्या मैत्रिणीचे मिस्टर, काळे काका, खाणीत इंजिनिअर होते. एका ओसाड गावाबद्दल त्यांनीच सांगितलं. कालगुर्लीपासून चार तास, त्यातला शेवटचा दीड तास कच्चा रस्ता. एकेकाळी तिथे युरेनियमची खाण होती. अणुदुर्घटना म्हटलं की आपल्याला स्फोट आठवतो, पण तिथे स्फोट वगैरे काही झाला नाही. खाणीतला विषारी गाळ साठवायचा बांध फुटला, गाळ गावात शिरला, वाळला, आणि मग वर्षानुवर्षं धूळ होऊन उडत राहिला. गाव रिकामं करेपर्यंत खूप उशीर झाला होता. गावाचं नाव मी लिहीत नाही.

"आत जाऊ नका," काका म्हणाले. "कुंपणाबाहेरून काय ते फोटो काढा." तरी त्यांनी आपली फोर-व्हील दिली, मास्क दिले, वीस लिटर पाण्याचा कॅन मागे ठेवला आणि रेडिएशन मोजायचं एक हातात मावणारं मीटर दिलं. "हे जोरात वाजायला लागलं की निघायचं. हीरोगिरी नको."

मार्च महिना होता. पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, बेचाळीसच्या आसपास ऊन. कुंपणावर बोर्ड होता – आत शिरणं गुन्हा आहे. मी म्हटलं, "अनिकेत, माझी पीआरची फाइल आत्ताच गेलीय. बाहेरूनच काढ."

"अगं, बाहेरून काय कुंपणाचे फोटो काढू? तू बस गाडीत."

गाडीत एकटं बसण्यापेक्षा मी त्याच्यामागे गेले.

बरीचशी घरं पाडून टाकलेली होती. सिमेंटचे चौथरे तेवढे उरलेले. शेवटच्या गल्लीत पाच घरं उभी होती. आम्ही तिसऱ्या घरात गेलो. पुढचं दार नव्हतंच. हॉलमध्ये बोटभर धूळ, त्यात आमच्या बुटांचे ठसे उमटत होते. आमच्या आधीचा एकही ठसा नव्हता, हे मला नक्की आठवतं. मीटर फोडणीत मोहरी तडतडावी तसं वाजत होतं.

हॉलमागे स्वयंपाकघर होतं. अनिकेत उंबऱ्यातच थांबला.

आतली फरशी ओली होती.

म्हणजे छप्पर गळून वगैरे नव्हे. पुसलेली. हिरवट लिनोलियमवर मॉपचे अर्धगोल फराटे स्पष्ट दिसत होते आणि खिडकीचा उजेड त्यात चमकत होता. आतमध्ये एक ठसा नाही. मास्कमधूनसुद्धा पाइनच्या फिनेलचा वास आला. मी मीटर उंबऱ्याच्या आत धरलं – ते गप्प झालं. बाहेर धरलं, पुन्हा तडतड.

"माइंड द फ्लोअर, लव्ह."

फरशी सांभाळून गं, असं सांगणारा बाईचा आवाज. घाबरवणारा मुळीच नाही. दमलेल्या बाईचा असतो ना, तसा. अनिकेत मान न वळवता म्हणाला, "तू बोललीस?"

"नाही."

त्याने ट्रायपॉड उंबऱ्याबाहेर लावला. फोकस केला आणि तीन फोटो काढले. तेवढ्या वेळात फरशी आमच्या डोळ्यांसमोर कडेकडेने वाळत गेली. शेवटी मधोमध एक ओला डाग राहिला आणि तोही गेला. मग मीटर आतसुद्धा वाजायला लागलं.

आम्ही निघालो. कच्चा रस्ता संपला. मग तो म्हणाला, "पाइप फुटला असेल." मी म्हटलं, "असेल." तिथलं पाणी तोडूनच तीस वर्षं झाली होती, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

प्रदर्शनात त्याने तीनमधला पहिला फोटो लावला. सगळे तिथेच थांबत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्तरीच्या आसपासची एक बाई आली. फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि तिने विचारलं, "हे कुणी पुसलं?"

अनिकेतने माझ्याकडे पाहिलं. ती सांगायला लागली. ते तिच्या आईचं स्वयंपाकघर होतं. खाणीचा माणूस घरोघर येऊन सांगून गेला होता, धूळ साधीच आहे, घर पुसत राहा म्हणजे झालं. आई दिवसातून तीनदा पुसायची. गुडघ्यावर बसून, कोपरे हाताने. मुलांना उंबऱ्यावर अडवून ठेवायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली... फुफ्फुसं.

"पाइनचा वास होता का?" तिने विचारलं. फोटोखाली फक्त 'स्वयंपाकघर' एवढंच लिहिलेलं होतं.

अनिकेत "हो" म्हणाला. ती रडायला लागली.

निवड करणारे लेक्चरर मागेच उभे होते. ते सभ्य गृहस्थ होते, आवाज चढवला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. पाणी बंद असलेल्या घरात पाणी आलं कुठून? निगेटिव्ह खरी होती, त्यात काही बदल करणं शक्य नव्हतं. म्हणजे पाणी कुणीतरी ओतलं. गाडीत कॅन होता का? होता. अनिकेत शांतपणे म्हणाला, "मी काहीही ओतलं नाही. हिला विचारा, ही माझ्या शेजारी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोर फॉर्म होता – आपण त्या जागी उपस्थित होतात का, नाव, सही. माझ्या डोळ्यांसमोर कुंपणावरचा तो बोर्ड आला आणि माझी पीआरची फाइल.

"मी कुंपणाबाहेर होते," मी म्हटलं. "गाडीत. आत काय झालं मला माहीत नाही."

अनिकेत माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. लेक्चररना "थँक यू" म्हणाला आणि उठला.

फोटो उतरवला, जागा गेली. त्यानंतर काही महिन्यांत त्याचं कुकरी कॉलेजही एका सकाळी कुलूप लावून बंद झालं. तेव्हा अशी कितीतरी झाली. दुसरीकडे ॲडमिशन मिळवायला तो थांबला नाही. नगरला परत गेला. निघताना बाकीच्या तिघांना मिठ्या मारल्या. मला म्हणाला, "तुझं काम झालं ना? मग बस." माझी पीआर पुढच्याच आठवड्यात आली. लोकांनी केक आणला. मी कापला आणि खाल्लासुद्धा.

इथे लोक विचारतात, याचं स्पष्टीकरण काय? माझ्याकडे नाही. इतक्या वर्षांत सगळं करून पाहिलं... पाइप, दव, उन्हाचा भास, उष्णतेने डोकं फिरणं. उन्हाने दोन माणसांची डोकी फिरू शकतात, फिल्मचं फिरत नाही. त्या बाईंना शोधायचाही प्रयत्न केला. त्यांचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात अनिकेतचा नंबर मिळाला. लग्नाचे फोटो काढतो. फोन लावला, नाव सांगितलं. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मी पाठ केलेली माफी म्हणायला सुरुवात केली, तर त्याने मधेच थांबवलं.

"ते राहू दे. एक खरं सांगशील?"

"विचार."

"फरशी ओली होती ना गं? आपण गेलो तेव्हाच?" आवाज खाली आला त्याचा. "इतक्या लोकांना सांगितलं मी. सगळे हसले. घरचेसुद्धा. आता मला दिसतं की मी गाडीतून कॅन काढतोय... ओततोय... अगदी स्पष्ट दिसतं."

"ओली होती, अनिकेत," मी म्हटलं. "मी तिथेच होते."

पलीकडे तो रडत होता की हसत होता, मला कळलं नाही.