तिरकी जाणारी पट्टी

माझ्या मोठ्या जाऊबाईंना, म्हणजे ताईंना, वाकडं काही बघवत नाही. कुणाकडे गेल्या तर बोलता बोलता भिंतीवरची तसबीर सरळ करून येतात. अठरा वर्षं त्या शर्टाच्या कारखान्यात कापड कापायला होत्या. चाळीस थर एकावर एक, त्यातून एकदाच फिरणारं पातं. हात जरासा ढळला की चाळीस कॉलर वाया. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी स्टिकर कापायचं मशीन घेतलं, घराच्या पुढच्या खोलीत मांडलं आणि मला म्हणाल्या, "कापायचं मी बघते, सोलायचं तू बघ." तेव्हापासून कापलेल्या अक्षरांभोवतीचा नको तो भाग चिमट्याने सोलून काढणं हे माझं काम.

त्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम आलं होतं. नवा दवाखाना, पुढे सगळी काच. खुर्चीत तोंड उघडून बसलेला माणूस रस्त्यावरून दिसू नये म्हणून काचेला धुरकट फिल्मची तीन मीटर पट्टी हवी होती आणि लहान मुलांसाठी तिच्यात कापलेले मासे. सोमवारी दवाखाना उघडायचा होता.

गुरुवारी सकाळी ताईंनी फिल्म लावली. पहिला मासा सुरेख आला. पुढे पुढे पट्टी हळूहळू तिरकी होत गेली आणि शेवटच्या माशाची शेपूट फिल्मच्या कडेबाहेर गेली. ताईंनी मोजपट्टी लावून पाहिलं. चार मिलिमीटर.

"लावताना माझंच चुकलं असेल," म्हणत त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा तेच. मग वेग निम्मा केला. मग फिल्म आधीच उलगडून मागे सैल सोडली, म्हणजे रोलचा ओढा नको. मग पातं जुनं झालं असेल म्हणून डब्यातलं नवं कोरं पातं बसवलं. त्याने भलतंच झालं. पट्टी तिरकी जायची ती गेलीच, वर माशांचे डोळेही मिटेनात. गोल जिथून सुरू झाला तिथे परत येऊन जुळतच नव्हता, केसभर बाजूने निघून जात होता. मी सोलायला घेतलं की डोळ्याबरोबर अर्धं डोकं उचलून यायचं.

"रोग वाढला," ताई म्हणाल्या.

मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, बंद करून पुन्हा चालू करा." केलं. "आता?" "आता तसंच." "मग अर्धा तास बंद ठेवा." ताईंनी फोन ठेवला. त्यांच्या तोंडून शिवी मी कधी ऐकली नाही. त्या दिवशीही नाही ऐकली, पण ओठ हलताना पाहिले.

शुक्रवार तसाच गेला. घरात त्यांच्याशी बोलायची सोय उरली नव्हती. भाजीत मीठ कमी का, इथपासून खिडकी कुणी उघडली, इथपर्यंत सगळ्याला मशीनचा राग. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, शिवणयंत्रं दुरुस्त करतात. ते दारात येऊन म्हणाले, "मी बघू का जरा?"

"तुम्ही नका बघू," ताई म्हणाल्या. "हे काही पायाने चालवायचं मशीन नाही."

भाऊजी दुकानावर गेले.

शनिवारी सकाळी वाया गेलेल्या पट्ट्यांतून बरे मासे तरी वाचवू म्हणून मी त्यांच्यावर चिकट कागद दाबत होते. कापलेला आकार त्या कागदाने उचलायचा आणि काचेवर लावायचा, अशी रीत. डावीकडे कागद नीट धरत होता. उजव्या कडेला मात्र चिकटतच नव्हता. बोट फिरवलं तर बोट गुळगुळीत.

"ताई, ही कड तेलकट का लागतेय?"

त्यांनी पट्टी हातात घेतली, बोटांना वास घेतला आणि मशीनचं झाकण उघडलं. फिल्म दाबून धरायला वर रबराची दोन चाकं असतात. डावं कोरडं होतं. उजवं चकचकत होतं. डावं चाक फिल्म धरून ठेवत होतं, उजवं सटकत होतं. पट्टी तिरकी जाणार नाही तर काय होणार?

भाऊजी जेवायला आले तेव्हा ताईंनी शांतपणे विचारलं, "मशीनला तेल कुणी दिलं?"

"मी. बुधवारी तुम्ही दोघी बाजारात गेला होतात तेव्हा. ते चाक कुरकुरत होतं. म्हटलं, तुला बरं वाटेल."

"दोन दिवस मी डोकं आपटतेय. तोंडात गुळणी धरली होती का?"

"मला काय ठाऊक तेलाने असं होतं? बघायला आलो तर तू हाकलून दिलंस."

मग ताईंचा बांध फुटला. दोन दिवसांचं सगळं त्यांनी भाऊजींच्या पदरात घातलं. डॉक्टरीणबाई, वाया गेलेली फिल्म, दुखणारी पाठ आणि वीस वर्षांपूर्वी मिक्सर खोलून ठेवला होता तोसुद्धा. भाऊजी पुढ्यातलं ताट तसंच ठेवून उठले.

आम्ही स्पिरिटने चाक पुसलं, दातांच्या जुन्या ब्रशने खालचा खरखरीत दांडा घासला. नवी फिल्म लावली. पट्टी सुतासारखी सरळ गेली. पण माशांचे डोळे उघडेच.

ताई स्टुलावर बसल्या. मग एकाएकी उठून पात्यांचा डबा आणला. पात्याचं टोक मधोमध नसतं, जरा बाजूला असतं. किती बाजूला, ते मशीनला आकड्यात सांगावं लागतं. गुरुवारी घाईघाईत त्यांनी जाड मालाचं लाल टोपीचं पातं उचललं होतं आणि आकडा पातळ फिल्मच्या निळ्या पात्याचाच राहिला होता.

"हे माझं," त्या म्हणाल्या. "हे त्यांचं नाही."

निळं पातं लावल्यावर गोल मिटला. मी सोललं, डोळा अलगद सुटून आला. ताईंच्या तोंडावर मात्र आनंद नव्हता. त्या हात धुऊन भाऊजींच्या दुकानावर गेल्या. मागोमाग जेवणाचा डबा घेऊन मी.

"पात्याची चूक माझी होती," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या.

भाऊजींनी डबा उघडला. "म्हणजे अर्धं माझं, अर्धं तुझं."

"अर्धं नाही. तुमचे चार मिलिमीटर, माझं केसभर."

भाऊजी हसले. ताई हसल्या नाहीत, पण पोळ्या त्यांनीच वाढल्या.

रविवारी आम्ही तिघांनी पट्टी काचेवर चढवली. पाणी मारून, रबराच्या पट्टीने बुडबुडे काढत, इकडून तिकडे. ताईंनी दोन्ही टोकांची उंची तीनदा मोजली. डॉक्टरीणबाई आतून आल्या, काचेकडे ओझरतं पाहिलं.

"छान. मासे अजून थोडे गुबगुबीत चालले असते, नाही?"

ताईंनी ओल्या फडक्याची घडी घातली. मग दुसरी घातली.

"चालले असते," त्या म्हणाल्या आणि शिडी उचलायला वळल्या.