झाकणावरचं गंध

तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, असलेलं घर आमचं एकच. वडील जन्मभर दोघांनी ओढायची करवत ओढत आले. नव्वदच्या दशकात नवी यंत्रं दिसू लागली, तेव्हा त्यांनी डोंगरातल्या एका मळ्यातून जुनं मशीन आणलं. मी त्याच सुमारास फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो, घरातला पहिलाच.

दसऱ्याला हत्यारांची आयुधपूजा झाली की आमच्याकडे खरा पाऊस लागतो; त्या पावसाळाभर मशीन फळीवर पडून होतं. संक्रांतीचा पोंगल उरकला आणि एके सकाळी तिरुवैयारूचे एक जमीनदार दारात उभे. कडुनिंब उन्मळून त्यांच्या पाटात पडला होता. भात पोटरीत, लोंब्या निघायच्या बेतात, आणि पाणी अडलेलं.

"दुपारपर्यंत याल तर काम तुमचं. नाहीतर पापनाशमच्या माणसांना सांगतो."

"येतोच," वडील म्हणाले. मशीनवरचं ते पहिलं मोठं काम होतं.

जमीनदार गेले आणि आम्ही अंगणात मशीनची दोरी ओढायला लागलो. मशीन ढिम्म. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत होता. मी ते ओतून टाकलं, ऑइल मिसळून ताजं भरलं. प्लग काढला तर ओला. पुसून, घासून बसवला. पाचव्या ओढीला मशीन गरजलं. वडिलांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तेवढ्यात ते बंद पडलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. चार वेळा तसंच.

"कॉलेजात हे नाही शिकवलं काय रे?" वडील घड्याळाकडे बघत म्हणाले.

आई कॉफी घेऊन आली होती. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार अशीच तुटते. वारा आत जायला दुसरं भोक नको?"

मी टाकीचं झाकण सैल केलं. सुस्स आवाज झाला. झाकणाच्या मधोमध हवेचं बारीक छिद्र असतं, त्यावर गंधाचा वाळलेला ठिपका, वर कुंकू.

"कुणी लावलं हे?" वडील.

"मीच की. मग पूजेत गंध लावायचं कुठं? साखळीच्या दात्यांना?"

हवेचा दाब मी तीन वर्षं पुस्तकात वाचला होता. तो खरा कळला त्या सकाळी. सुईनं छिद्र मोकळं केलं. मशीन चालू झालं ते चालूच राहिलं. ते पोत्यात गुंडाळून आम्ही बस गाठली.

खोडाचे तीन तुकडे झाले आणि पाणी पालापाचोळा ढकलत निघालं. जमीनदार बांधावरून पाण्याबरोबर चालू लागले. थोडं पुढं जाऊन ओरडले, "वाळलेले माडही आहेत. तेही तुम्हीच काढा!"

वडिलांच्या कानात इंजिनाचा आवाज अजून घुमत होता. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते हसत होते. मी तिसऱ्यांदाही सांगितलं.