दोनदा उकळलेली खीर

बोरगाव मेघेतल्या विहारात बुद्धपौर्णिमेची खीर वीस वर्षं कमलाबाईच्याच हातची. बाई भारी चौकस. शिट्टी वाजते कशी हे बघायला तिनं एकदा चालू स्वयंपाकात कुकर खोलून ठेवला होता, आणि घरच्यांना डाळ मिळाली दुपारी चारला!

गेल्या वर्षी खीर सकाळी सहालाच झाली. भन्तेजींचा डबा भरून बाजूला ठेवला. भाषणं लांबली, ती लांबणारच. वैशाखातल्या उन्हात खिरीचा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, पाच तास तसाच. वाढण्याआधी कमलाबाईनं तो पुन्हा खदखदा उकळला. उकळलं की सारं मरते, हा तिचा मंत्र.

तीन तासांत चाळीस माणसं ओकायला लागली. ताप कोणालाच नाही, नुसती ओकारी आणि पोटात पीळ. सावंगीच्या दवाखान्यात सलाईन लागलं, दुसऱ्या दिवशी सगळे आपल्या पायांनी घरी आले. विहाराच्या कमिटीनं मात्र ठरवून टाकलं की दूधवाल्या मुकेशनं भेसळ केली. त्याचे रतीब पटापट तुटले.

कमलाबाईला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. पण तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मुकेशच्या त्याच कॅनमधल्या दुधाचा चहा शेजारच्या मंदाबाईनं दिवसभर ढोसला होता आणि ती ठणठणीत होती. शेवटी कमलाबाई ऑटोत बसून सावंगीच्या लॅबमध्ये गेली. गंजातली खीर तिथं आधीच पोचली होती. भन्तेजींची बस चुकली म्हणून डबाही तसाच राहिला होता, तोही तिथंच होता.

डॉक्टर सुरभीनं तिला बसवून घेतलं. गंजातले जंतू उकळून मेलेत, ती म्हणाली, पण डब्यातली खीर दुसऱ्यांदा उकळली नव्हती, तिच्यातले जिवंत सापडले. पाच तास खिरीत वाढताना त्यांनी विष सोडलं. जंतू मरतात, हे विष उकळूनही मरत नाही. पोटात गेलं की तिथल्या नसांना डिवचतं, आणि मेंदू ओकायचा हुकूम सोडतो.

"म्हणजे मिरचीवानी," कमलाबाई म्हणाली. "जाळली तरी ठसका राह्यतेच." सुरभी हसली. पण बाईचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मंग ते जंतू आले कुठून?"

बरेचदा माणसाच्या हातावरून, सुरभी म्हणाली. पू झालेल्या जखमेतून.

कमलाबाईनं अंगठा पदरात लपवला. त्याला नखुरडं झालं होतं, आणि त्याच अंगठ्याला चिंधी बांधून तिनं खोबऱ्याचा कीस चुलीवरून उतरवून निवलेल्या खिरीत कालवला होता. मग तिनं स्वतःच हात पुढे केला. तपासात तेच जंतू निघाले.

रिपोर्टात तिचं नाव नव्हतं. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं! पण रविवारी विहारात ती उभी राहिली.

"मुकेशचं दूध चांगलं होतं. घाण माह्या अंगठ्यातून गेली."

मुकेशचे रतीब आठवड्यात परत लागले. कमलाबाईला मात्र कोणी बारशालाही स्वयंपाकाला बोलावलं नाही, आणि तिला ते फार लागलं.

यंदा पौर्णिमेला खिरीचा झारा गल्लीतल्या सरिताकडे गेला. कमलाबाई दूर सतरंजीवर बसून होती. मुकेश कॅन घेऊन आला, तो चुलीकडे न जाता सरळ तिच्यापुढे येऊन थांबला.

"मावशी, हात दाखवा."

तिनं दोन्ही हात पुढे केले. त्यानं बोटन् बोट उलटंपालटं करून पाहिलं आणि कॅनची कडी तिच्या हातात दिली. कमलाबाईला भर विहारात रडू आलं.