हेक्टरच्या हाताचं छत

छताचा पहिला तुकडा पलंगावर पडला तेव्हा एफी मॅकलेलन चादर बदलत होती. थोडा उशिरा पडता, तर थेट तिच्या नवऱ्याच्या टाळक्यात बसला असता, कारण जेवून तिथे आडवं व्हायचा डॅन रोरीचा नेम चुकत नसे. एफीने तुकडा बोटांत चुरडला. त्याचा पिठासारखा भुगा झाला. ती पलंगाच्या कडेवर बसली, आणि ते घाबरून नव्हे, कंटाळून. जन्मभर इस्पितळाच्या धुलाईघरात दुसऱ्यांच्या चादरी उपसल्या. आता पेन्शनीत निघाली, तर घरचं छतही तिच्याच पुढ्यात येऊन पडायचं होतं.

छत हेक्टरने केलेलं. हेक्टर म्हणजे डॅन रोरीचा थोरला भाऊ. ग्लेस बे या खाणींच्या गावातल्या निम्म्या घरांच्या छतांवर त्याचा हात फिरलेला. ओल्या गिलाव्यावर ब्रश फिरवून तो पंख्यासारख्या लाटा काढायचा, एकीला एक लागून, आणि लोक नुसती मान वर करून सांगायचे, हे हेक्टरचं काम. खाणकामगारांसाठी कंपनीने बांधलेल्या जोडघराच्या अर्ध्या भागात एफीचा संसार होता आणि भिंतीपलीकडच्या अर्ध्यात हेक्टर एकटाच राहायचा. गेल्या वर्षी त्याने हौसेने हे छत करून दिलं. तेव्हा त्याचा हात थरथरायला लागला होता. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कोणी चकार शब्द काढला नाही. थापी जड जाऊ नये म्हणून त्याने माल पातळ कालवला असणार. दुसऱ्याचं असलं काम दिसलं की हाच हेक्टर टर उडवायचा, "हा गिलावा म्हणायचा की लापशी?" आणि शेवटी त्याच्याच बादलीत लापशी झाली होती. त्यानंतर त्याने थापी हातात धरली नाही. दर रविवारी जेवायला आला की मात्र आधी निजायच्या खोलीत जाऊन वर बघून यायचा.

"एखादा माणूस बोलावू," डॅन रोरी म्हणाला.

"आणि त्याची गाडी आपल्या दारात उभी करू? संध्याकाळच्या आत अख्ख्या रस्त्याला कळेल, हेक्टरचं काम भावानेच उखडलं म्हणून. तो काय तोंड दाखवेल मग?"

इथे घरच्याचं काम घरचा माणूस करतो. त्याला वर एक जेवण आणि घोटभर रम दिली की झालं. ते काम परक्याकडून दुरुस्त करून घेणं म्हणजे भर चौकात त्याची टोपी उडवणं.

हेक्टर हाताच्या तपासण्यांसाठी हॅलिफॅक्स शहरात लेकीकडे गेला होता. रविवारी येणार होता. डॅन रोरीची पाठ खाणीतच कामातून गेलेली, म्हणून शिडीवर एफी चढली.

सुटलेलं सगळं तिने खरवडून काढलं. जिथे ठोकलं तिथे पोकळ वाजत होतं, आणि भोक वाढता वाढता पलंगाएवढं झालं. केसांत, डोळ्यांत, दातांखाली चुना. मान मागे टाकून टाकून तिला भोवळ यायची. मग खाली उतरून ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची.

"जरा डावीकडे राहिलंय बघ," शिडी धरून डॅन रोरी म्हणाला.

"तू गप शिडी धर. एवढं कळत असतं, तर खाणीत मुकादम झाला असतास."

वर जाळी ठोकली, माल धरून राहावा म्हणून डिंकाचं पाणी मारलं, माल चांगला घट्ट कालवून थापला. हेक्टरचं काम बघत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे हाताला चाल माहीत होती. कडेला थोडी जागा राहिली तिथे तिने लाटा काढून पाहिल्या. त्या सुरेख गोल आल्या.

"झकास!" डॅन रोरी म्हणाला. "हेक्टरच्या तोंडात मारलीस."

"तेच तर नको होतं," एफी म्हणाली, आणि तिने त्या लाटा थापीने पुसून टाकल्या.

बाकीच्या छतावरच्या हेक्टरच्या लाटा वाकड्या होत्या. मध्येच तुटलेल्या, शेपटाकडे थरथरलेल्या. या तशाच यायला हव्या होत्या. तिने हात मुद्दाम हलवून पाहिला, पण ते सोंग वाटायचं. मग काम करता करता खांदा इतका भरून आला, की हात आपोआप कापायला लागला, आवरेना, आणि लाट हुबेहूब हेक्टरची आली. रोज सकाळी साधा चमचा उचलताना त्याला काय होत असेल ते तिला तेव्हा समजलं. शिडीवर उभ्या उभ्या तिला रडू फुटलं. ब्रश मात्र तिने थांबवला नाही, कारण माल आळत चालला होता.

हीटर लावून ते वाळवलं आणि जोड दिसू नये म्हणून सगळ्या छताला रंग दिला.

रविवारी हेक्टर नेहमीसारखा दार न वाजवता स्वयंपाकघरातून आत आला. "रंग दिलास वाटतं?"

"काजळी धरली होती."

तो निजायच्या खोलीत गेला. मग झाडूच्या दांड्याने छत ठोकल्याचा आवाज यायला लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डॅन रोरीने ताटात मान घातली.

हेक्टर येऊन खुर्चीत बसला. हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.

"एफी, एक सांगतो. तो माल माझा पातळ झाला होता. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही दोघं त्याच्याखाली झोपता, म्हणून वर्षभर मला झोप नाही. दर रविवारी मी बघायला जायचो, तडा गेला का ते. ठोकून बघायची काही हिंमत झाली नाही." तो हसला. "आज ठोकलं. दगड आहे दगड! म्हणजे हात तेवढा गेला नाही माझा. डॉक्टरला काय कळतंय."

एफी बटाटे वाढायला उठली.

"मग मी काय म्हणतो," हेक्टर वर बघून म्हणाला, "हे स्वयंपाकघराचंही किती काळं पडलंय. या आठवड्यात करून टाकतो."

डॅन रोरीने एफीकडे पाहिलं. बटाट्यांचं भांडं उचलायला तिला अजून दोन्ही हात लागत होते. ते परत शेगडीवर ठेवून ती टेकून उभी राहिली. आता सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"कर की," ती म्हणाली. "पण माल मी कालवणार."

हेक्टरचं हसू थांबलं. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना पांढरं साचलेलं होतं, घासूनही न निघालेलं. मग त्याने आपली ताटली पुढे केली. ती टेबलावर खडखडत राहिली आणि त्याने ती खडखडू दिली.

"घट्ट कालव हं," तो म्हणाला. "माझ्यासारखा नको."