कोंडाजी कोणत्या प्रतीत आहे?

लोणावळ्याच्या भांगरवाडीत राजेंद्र ओव्हाळ राहतात. त्यांच्या कपाटात एकच सिनेमा निरनिराळ्या रूपांत विकत आणून ठेवलेला आहे. आधी कॅसेट, मग दोन तबकड्यांची व्हीसीडी, मग डीव्हीडी. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला माणूस, दारू नाही, पत्ते नाहीत, तेव्हा एखादा नाद असू द्यावा, असं शेजारी समजुतीनं म्हणतात. त्यांच्या बायकोकडं, रेणुकाबाईंकडं, एवढी समजूत नाही. "लोक सोनं घेतात, आमच्याकडं तोच तोच खून घेतात," असं त्या आल्यागेल्याला सांगतात.

तो खून होतो 'खिंडीतला दिवा' नावाच्या जुन्या कृष्णधवल रहस्यपटात. खंडाळ्याच्या एका बंगल्यात धुकं असताना शेटजीचा खून होतो. खुनी कंदील घेऊन फाटकातून आत शिरतो, तेव्हा फाटकाशी गवताचा भारा टेकून एक गवतकाप्या जमिनीवर बसलेला असतो. तो मान वर करून खुन्याकडं बघतो, नीट बघतो. पुढं पोलीस येतात. आचारी, माळी, ड्रायव्हर, शेटजीची बायको, सगळ्यांना विचारून विचारून हैराण करतात. गवतकाप्याला मात्र कोणी एक शब्द विचारत नाही. इन्स्पेक्टर हात हलवत मोटारीत बसून निघून जातो. असा सगळा तो सिनेमा.

तो गवतकाप्या म्हणजे टाकवे बुद्रुकचे कोंडाजी ओव्हाळ, राजेंद्रांचे वडील. नटबिट काही नव्हते. खरोखरच बंगलेवाल्यांच्या घोड्यांसाठी गवत कापायला खंडाळ्याला जायचे. शूटिंगवाल्यांना फाटकाशी एक माणूस हवा होता आणि हे आयते भाऱ्यासकट सापडले. बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन त्यांच्या वस्तीला तेव्हा चारपाच वर्षं झाली होती. कोणापुढं मान खाली घालायची नाही, असं वस्तीनं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आणि डायरेक्टर म्हणाला, साहेब जवळून जाईल तेव्हा मान खाली घालून बस.

कोंडाजी म्हणाले, "बसतो. बसायला माजी ना न्हाई, पाय दुखत्यातच. पर मान खाली घालायचं आमी सोडलंया."

खुनी झालेला नट वैतागला, म्हणे हा माझ्या डोळ्यात बघतो, मला काम सुचत नाही. डायरेक्टर शहाणा होता. म्हणाला, मग बघू दे. ही हकिगत राजेंद्रांना कोणी सांगितली? तर त्यांच्या आईनं. विठाबाई त्या दिवशी नवऱ्याची भाकरी घेऊन गेल्या होत्या आणि सगळं उभ्या राहून बघत होत्या. "आन् शेवटाला त्यो उटतो," हे वाक्य त्या दरवेळी पुढं जोडायच्या. मोटार गेल्यावर कोंडाजी उठतो आणि भारा घेऊन चालू लागतो, असं त्यांचं म्हणणं. पण राजेंद्रांच्या कुठल्याच प्रतीत तो उठत नव्हता. मोटार गेली की सिनेमा संपायचा. म्हातारीचं वय झालं, आठवणीत भर घालते, असं समजून राजेंद्र नुसती मान हलवायचे.

राजेंद्र पुरते चालायलाही लागले नव्हते तेव्हा कोंडाजी तापानं गेले. तळेगावात जाऊन फोटो काढायचं आज-उद्या करता करता राहून गेलं होतं. त्यामुळं घरात बुद्धाची तसबीर आहे, बाबासाहेबांची आहे आणि त्यांच्या खाली राजेंद्रांनी घर बांधलं त्या वर्षीच ठोकून ठेवलेला एक मोकळा खिळा आहे. ते कपाट त्या खिळ्यासाठी भरलेलं आहे. बापाचं तोंड एकदा स्पष्ट दिसावं, त्याचा फोटो करून घ्यावा आणि आईच्या हयातीत तो तिथं लागावा, एवढीच त्या माणसाची हाव.

पण एकेका कंपनीनं त्या तोंडाची काय दैना केली! कॅसेटमध्ये चित्राच्या तळाला कायम एक थरथरती पट्टी असायची, ती नेमकी बसलेल्या कोंडाजींमधून जायची. शिवाय शेवटच्या जागेवर लायब्ररीवाल्यानं स्वतःची जाहिरात टेप केलेली. व्हीसीडीत तोंडाच्या जागी नुसते चौकोनी ठोकळे, आणि वर कहर म्हणजे तळाशी कंपनीचा फोन नंबर सरकत जायचा. राजेंद्रांनी त्या नंबरला फोन लावला. "माझ्या बापाच्या छातीवरून तुमचा नंबर हटवा," असं ते ओरडले. पलीकडच्या पोरीला वाटलं हा कुणी वेडा आहे, तिनं फोन ठेवला. डीव्हीडीवर सोनेरी अक्षरात 'उत्कृष्ट चित्र' असं छापलं होतं. त्या उत्कृष्ट चित्रात काळोख एवढा, की विळा चमकायचा आणि माणूस गायब. राजेंद्रांनी तरी तो क्षण थांबवून, स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. विठाबाईंनी डोळ्याजवळ धरून बघितला आणि परत दिला. "ह्यो धूर हाय. माज्या मालकाला नाक व्हतं," म्हणाल्या.

आणि मग यंदा बातमी आली की 'खिंडीतला दिवा'ची मूळ निगेटिव्ह कुठल्याशा गोदामात सापडली, एकेक चित्र धुऊनपुसून कंपनीनं नवी ब्लू-रे तबकडी काढली. शौनक बापट म्हणून तळेगावचा एक तरुण इंजिनियर आहे, तो तिथं सिनेमाचं मंडळ चालवतो. त्याचा राजेंद्रांना फोन आला. "काका, रविवारी दुपारी मोठ्या पडद्यावर दाखवतोय. तुमच्या आईंना आणा. कलाकाराच्या पत्नी म्हणून आपण त्यांचा सत्कार करू." राजेंद्र त्या आठवड्यात जमिनीवर चालतच नव्हते. फ्रेमवाल्याला सांगून आले, काच चांगली ठेव. खिळा हलवून बघितला, पक्का आहे ना. रेणुकाबाईंनीही खुनाबद्दलची थट्टा थांबवली आणि सासूचं ठेवणीतलं लुगडं इस्त्री करून आणलं.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. निवृत्त मास्तर, बँकेतली माणसं, सिनेमातलं कळतं असा चेहरा केलेली काही पोरं. शौनकनं विठाबाईंना पुढच्या रांगेत बसवलं, शाल घातली, नारळ दिला, दोन शब्द बोलला. टाळ्या झाल्या. दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला, तेव्हा राजेंद्रांच्या अंगावर काटा आला. चित्र असं स्वच्छ, की धुक्यातलं पानन् पान मोजून घ्यावं. खुन्याच्या बुटाचं पॉलिशसुद्धा झळकत होतं. विठाबाई पुढं वाकून बसल्या.

फाटक आलं. कंदील आला. खुनी आला, टोपीपासून मांडीपर्यंत ऐटीत आला. आणि पडद्याच्या तळाशी, अगदी कडेला, गवताच्या भाऱ्याचा शेंडा आणि मुंडाशाचं टोक दिसलं. बस्स. खुनी खाली बघून दचकला, कशाला दचकला ते कोणालाच कळलं नाही, आणि आत निघून गेला.

"मुंडासं हाय," विठाबाई म्हणाल्या. "खाली मानूस कुटं हाय रं, राजंदर?"

तो प्रश्न सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. मागं कोणीतरी श्शू केलं. नवऱ्याला शोधणाऱ्या ऐंशी ओलांडलेल्या बाईला श्शू! राजेंद्र ताडकन उठले, बाजूला उभ्या असलेल्या शौनकचा दंड धरला आणि त्याला बाहेर व्हरांड्यात आणलं.

"माझा बाप कुठं आहे?"

शौनक आधी गोंधळला, मग त्याच्या लक्षात आलं. "काका, जुनी चित्रं चौकोनी असायची. आताचे पडदे लांबट. पडदा पूर्ण भरावा म्हणून वरचं-खालचं थोडं कापतात. वर आकाश गेलं, खाली जमीन गेली. महत्त्वाचं तसं काही गेलेलं नाही."

"जमिनीवर माझा बाप बसला होता!"

 शौनकनं आदल्या दिवशी प्रत लावून पाहिली होती, पण चित्र स्पष्ट आहे ना आणि आवाज येतो ना, एवढंच. आणि खरं सांगायचं तर खाली काय कापलं गेलं, हे दुसऱ्या कुणी तरी पाहिलं होतं का? एवढी मोठी कंपनी, एवढी शिकलेली माणसं, एकेक ओरखडा काढायला महिनोन्महिने घालवले. त्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही की खाली कोणी बसलेलं असेल. उभ्या माणसाला धक्का लावला नाही. शेटजी शाबूत, इन्स्पेक्टर शाबूत, खुनीसुद्धा शाबूत! जमिनीवर बसलेला तेवढा गेला. ज्यानं डायरेक्टरपुढं मान खाली घातली नाही, त्याची मानच यांनी उडवली, आणि डब्यावर लिहिलं 'संपूर्ण'.

"सिनेमात पोलीस त्याला विचारत नाहीत, ते निदान खोटं होतं," राजेंद्र म्हणाले. आवाज चढला होता. "तुम्ही लोकांनी ते खरं केलंत. त्याच्या बायकोला शाल घालता आणि त्यालाच दाराबाहेर ठेवता? बापट, कसली ही रीत? तुमच्या बापाला असं कापलं असतं तर म्हणाला असतात, महत्त्वाचं काही गेलं नाही?"

"नसतो म्हणालो, काका."

"मग?"

शौनकनं सबब शोधली नाही. चुकलं म्हणाला, आधी बघायला हवं होतं म्हणाला. पण राजेंद्रांचा इतक्या वर्षांचा राग होता, तो एका 'चुकलं'वर थोडाच बसणार! कॅसेटवाला, व्हीसीडीवाला, डीव्हीडीवाला, सगळ्यांचा राग त्यांनी त्या बिचाऱ्यावर काढला. आत सिनेमा चालूच होता. आचाऱ्याची जबानी झाली, माळ्याची झाली, गाणं होऊन गेलं, तरी हे आपले व्हरांड्यात भांडतच.

एवढ्यात दार उघडून रेणुकाबाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते.

"अहो, आत या. मामंजी दिसले."

राजेंद्र धावत आत गेले, तर सिनेमा संपून दिवे लागलेले. लोक उठत नव्हते, सगळे पुढच्या रांगेकडं बघत होते. विठाबाईंची शाल खाली पडली होती आणि त्या मोकळ्या पडद्याकडं बघत बसल्या होत्या. आयुष्यभर ज्यासाठी पैसे घातले, ती गोष्ट होऊन गेली आणि आपण बाहेर भांडत होतो, हे राजेंद्रांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःचाच संताप आला.

शौनकनं काही न विचारता दिवे घालवले आणि शेवटचा भाग पुन्हा लावला. इन्स्पेक्टर मोटारीत बसला. मोटार धुक्यात गेली. इथं जुन्या सगळ्या प्रती संपत होत्या. पण ही मूळ निगेटिव्हवरून काढलेली होती, ती संपली नाही. रिकामं फाटक दिसत राहिलं. मग तळाशी मुंडाशाचं टोक हललं, आणि पडद्याच्या खालच्या कडेतून एक माणूस वर आला. कपाळ आलं, डोळे आले, नाक आलं. ओव्हाळांच्या घरातलं, राजेंद्रांच्या स्वतःच्या तोंडावरचं, मधोमध उंचवटा असलेलं नाक. तरणाताठा कोंडाजी पडदाभर उभा राहिला, समोर एकदा सरळ बघितलं, भारा डोक्यावर घेतला आणि निघून गेला.

राजेंद्र आज बापापेक्षा दुप्पट वयाचे आहेत. ते खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. खिळ्याची सोय झाली होती. पण डोळे पुसून ते शौनककडं वळले, तेव्हा राग तसाच होता आणि तो तसाच असायला हवा होता.

"उभा राहिला म्हणून दिसला," ते म्हणाले. "बसला होता तेव्हाही माणूसच होता. हे त्या कंपनीला मी सांगणार आहे आणि तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात."

"येतो," शौनक म्हणाला.

विठाबाईंचं या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी पडलेली शाल उचलली, झटकली आणि लेकाकडं बघितलं. इतकी वर्षं हा आपल्यावर विश्वास न ठेवता नुसती मान हलवत होता, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"म्या सांगत व्हते," त्या म्हणाल्या. "त्यो बसून र्‍हानारा न्हवता."