दोनशे चाळीस मिनिटं

त्या मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या फोनवर एक निरोप आला. मी तो बारा मिनिटं उशिरा पाहिला, कारण कारखान्यात तपासणीच्या खोलीत आम्ही फोन नेत नाही, बाहेरच्या कप्प्यात ठेवतो. चहाच्या सुट्टीत फोन हातात घेतला, तर पडद्यावर होतं : ‘वरच्या घरी अजून हालचाल नाही. जगताप, बघ रे.’ निरोप यंत्राने पाठवला होता. शब्द मात्र वरच्या मजल्यावरच्या कोनेररावांचे होते, त्यांनी स्वतःच्याच घरासाठी लिहून ठेवलेले. मी घरी फोन लावला. वरच्या घराची एक किल्ली माझ्या बायकोकडे, नीताकडे असते. फोन चालू ठेवूनच ती जिना चढली. किल्ली फिरल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला... मग ती म्हणाली, "अहो, हे स्वयंपाकघराच्या दारात पडलेत. हात गार लागतोय. तुम्ही या... लगेच या."

कोनेरराव गेले त्याला आज पाच आठवडे झाले. मी अजून जिन्यात उभा राहिलो की वरून खोकल्याचा आवाज येईल म्हणून थांबतो. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान केव्हातरी. मी विचारलं, "यापेक्षा नेमकं सांगता येईल का?" ते म्हणाले, "नाही." मी विचारलं, "निदान साडेसातच्या आधी की नंतर?" त्यांनी कागदावरून मान वर केली. "तुम्ही त्यांचे भाऊ का?" मी म्हणालो, "खालच्या मजल्यावर राहतो." हा प्रश्न मी का विचारत होतो, ते मी तिथे कुणालाच सांगितलं नाही. इथे सांगायचं आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. इकडे तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग तपासण्याच्या कामाला मला एकोणीस वर्षं झाली. या इमारतीत आम्ही अकरा वर्षांपूर्वी आलो. सामान चढवताना मी नीतावर मराठीत ओरडलो, तर वरच्या कठड्यावरून कुणीतरी मराठीतच म्हणालं, "हळूं रे पा, कपाटाला जीव नसला तरी जिन्याला आहे." पांढरा सदरा, कपाळावर बारीक गंध, डोळ्यांवर जाड चष्मा. कोनेरराव तंजावरचे मराठी. त्यांची मराठी ऐकताना जुनं पत्र वाचतोय असं वाटायचं, आणि मध्येच तमिळ शब्द खड्यासारखा यायचा. उद्याला ते ‘उदईक’ म्हणत. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती खुदकन हसली. ते तिला म्हणाले, "हसूं नको. आम्ही तीनशे वर्षं इथे आहों. तुझा बाप काल आला. मग चुकीचं कोण बोलतं?" त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. बहीणभाऊ कुणी नव्हते. सिरुसेरीला एका संशोधनशाळेत ते काम करत, आठवड्यातून दोन दिवस तिथे आणि बाकीचे दिवस घरी.

काम कसलं, हे मला समजायला वर्ष लागलं. एकदा त्यांनीच विचारलं, "तुमच्या कारखान्यात प्रत्येक मशीनवाला आपल्या मनाने सेटिंग लावतो काय?" मी म्हणालो, "छे. सेटिंगचा कागद आमच्या खोलीतून जातो. तो फक्त लावतो." "झालं तर. घरोघरच्या इंटरनेटच्या डब्या म्हणजे आपापल्या मनाचे मशीनवाले. आम्ही त्यांचं डोकं काढून एका जागी ठेवतों. डबी नुसतं ऐकेल. मग एका ठिकाणी नियम बदलला की सगळ्या घरांत बदलतो." पहिला प्रयोग माझ्याच घरावर झाला. मुलीची ऑनलाइन परीक्षा होती आणि मी दुसऱ्या खोलीत क्रिकेट पाहत होतो. सामना गोल गोल फिरत अडकला. मी वर जाऊन तक्रार केली, तर म्हणाले, "अडकूं दे. तिचा पेपर आहे. तिच्या लॅपटॉपला पहिला मान, तुझ्या टीव्हीला शेवटचा. मीच नियम लावला. बारा वाजेपर्यंत बस इथेच, कॉफी घे."

पण त्यांचं खरं काम वेगळं होतं, आणि त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची आई तंजावरला एकटी राहत असे. ती पडली तेव्हा दीड दिवस कुणाला कळलं नाही. एवढंच सांगून त्यांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला. एकट्या माणसाच्या घरात कॅमेरा लावायचा नाही, त्याला अंगावर काही बांधायला लावायचं नाही, घरातल्या जाळ्यानेच लक्ष ठेवायचं, अशी ती कल्पना होती. रोज सकाळी अमुक वेळेपर्यंत गीझर, स्पीकर, फोन, काहीतरी सुरू होतंच. झालं नाही, तर ठरावीक मिनिटं वाट पाहून जवळच्या एका घराला निरोप जातो. त्या घराला ते ‘मागचं घर’ म्हणत. अशी बारा घरं त्यांनी प्रयोगात घेतली. पहिलं घर स्वतःचं. "जे औषध मी घेत नाही, ते दुसऱ्याला कसं देऊं?" त्यांच्या मागचं घर आमचं.

कोनेररावांच्या घरी सकाळी सहा चाळीसच्या आत काहीतरी सुरू व्हायचंच. त्यापुढे पंचेचाळीस मिनिटं वाट पाहून, म्हणजे सात पंचवीसला, मला निरोप येई. मी सवयीने एक वही केली. तारीख, वेळ, कारण आणि शेवटचा रकाना : खरा की खोटा. मला गुडघ्याचं दुखणं आहे आणि आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत अठरा पायऱ्या आहेत. सात पंचवीसला माझा चहा व्हायचा असतो, आठ दहाला गाडी काढायची असते. निरोप आला की कप ठेवून, कठडा धरून वर जायचं, दार वाजवायचं. ते दार उघडून म्हणत, "जिवंत आहें. आलाच आहेस तर कॉफी घे." तीन महिन्यांत एक्केचाळीस निरोप आले. मी वही घेऊन वर गेलो.

"राव, एक्केचाळीस इशारे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस खोटे. चांगला माल बाद करणारा मापाचा गेज आम्ही भंगारात टाकतो."

ते वही चाळायला लागले. "‘वीज गेली.’ ‘वाचत बसले होते.’ ‘फोन घरी ठेवून पहाटेच सिरुसेरीला गेले.’ ‘केबल तुटली.’ अय्यो, तूं तर माझं चरित्र लिहिलंस की रे!"

"थट्टा नको. पंचेचाळीस मिनिटं फार कमी आहेत."

"मग किती करूं?"

"चार तास."

"चार?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुझा टॉलरन्स फार सैल आहे, इन्स्पेक्टर."

"सैल नाही. तुम्ही घरी असतानाची या वहीतली सर्वांत लांबलेली वेळ तीन तास दहा मिनिटं आहे. तिच्यावर थोडी जागा ठेवली, एवढंच."

ते जरा वेळ माझ्या गुडघ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सेरी. ठीक." संगणकावर पंचेचाळीस पुसून दोनशे चाळीस केलं. यंत्राने बदलाचं कारण विचारलं, तेव्हा ते बराच वेळ काहीतरी लिहीत होते. मी पाहिलं नाही. मी माझी वही आवरत होतो.

त्यानंतर दोन महिन्यांत एकही खोटा इशारा आला नाही. मी खूश होतो. मुलीला म्हणालोसुद्धा, बघ, आकडा नीट निवडला की काय होतं.

आता हिशेब सोपा आहे. सहा चाळीसमध्ये चार तास मिळवले की दहा चाळीस होतात. आकडा जुनाच असता, तर मला सात पंचवीसला कळलं असतं. डॉक्टर म्हणाले सहा ते नऊ, आणि सात पंचवीस हे बरोबर त्याच्या आत बसतं. त्या सकाळी सात पंचवीसला मी खाली चहा पीत होतो. आठ दहाला मी गाडी काढली, त्यांच्या खिडकीखालून गेलो. त्यांच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती, पण ती खालून दिसत नाही. नीता म्हणते, असा विचार करू नका. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तरी उपयोग झाला असता असं सांगता येत नाही. झाला नसता असंही त्यांना सांगता आलं नाही.

मी चूक कुठे केली, तेही मला ठाऊक आहे. माझ्या वहीत एकाच दोषाची नोंद होती, नको तेव्हा आलेल्या इशाऱ्याची. हवा तेव्हा न आलेल्या इशाऱ्याची नोंद शून्य होती, कारण तशी वेळच आली नव्हती. नोंद नाही म्हणजे धोका नाही असं समजू नये, हे कारखान्यात नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवणारा माणूस मीच.

तंजावरहून एक दूरचे चुलतभाऊ आले, सगळं त्यांनी केलं, चौथ्या दिवशी घराला कुलूप लावून ते परत गेले. पाचव्या दिवशी मी कामावर होतो. चहाच्या सुट्टीत कप्पा उघडला. फोनवर दहा चाळीसची वेळ, आणि खाली : ‘वरच्या घरी अजून हालचाल नाही. जगताप, बघ रे.’ डबी चालू राहिली होती. ती बंद करायला हवी हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही... मी आवारात जाऊन उभा राहिलो. लोकांना वाटलं मला चक्कर आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. किल्ली घरात होती, नुसतं वर जाऊन बटण बंद करायचं होतं. मी गेलो नाही. नऊ दिवस रोज दहा चाळीसला आलेला तो निरोप मी वाचला.

त्यानंतरच्या दिवशी त्यांच्या हाताखाली काम केलेली सेल्वी डबी काढायला आली. तिशीची, अगदी हळू बोलणारी मुलगी. डबी काढून झाल्यावर तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "जगताप सार, आमच्याकडे नियम बदलला की कारण लिहावं लागतं. सरांनी सगळी कारणं इंग्रजीत लिहिली आहेत. हे एकच तुमच्या भाषेत आहे. काय आहे, सांगता का?"

माझं नाव तिथे असणार हे मला माहीत होतं. वाचण्याआधी मी तिला एवढंच विचारलं, "बाकीच्या अकरा घरांचा आकडा किती?" ती म्हणाली, "पंचेचाळीस. तो त्यांनी कधी बदलला नाही." मग मी वाचलं.

‘जगताप दर इशाऱ्याला गुडघा धरून वर येतो. पाहवत नाही. पंचेचाळीसचे दोनशे चाळीस केले. निर्णय माझा. तोटा : तो आता कमी येईल. हा तोटा मोजलेला नाही.’

मी ते तिला माझ्या मोडक्या तमिळमध्ये शब्दन् शब्द सांगितलं. काही गाळलं नाही. नीताने आतून पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

सेल्वी गेल्यावर मी वही काढून मोजलं. एक्केचाळीस इशाऱ्यांपैकी चार वेळा ते घरी नव्हते. सदतीस वेळा त्यांनी दार उघडलं होतं, आणि सदतीस वेळा मी त्यांच्याकडे कॉफी प्यायलो होतो. आकडा बदलल्यावरच्या दोन महिन्यांत मी वर गेलो फार तर पाच वेळा. शेवटचं कधी, ते आठवत नाही. त्याची नोंद नाही. ज्याला मी तीन महिने खोटा इशारा म्हणत होतो, तो एका एकट्या माणसाकडे जाण्याचा माझा रस्ता होता, आणि तो मीच बंद करून घेतला. ‘निर्णय माझा’ असं त्यांनी लिहिलं, ते त्यांच्या स्वभावाला धरून आहे. पण चार हा आकडा त्यांचा नव्हता, माझा होता. मी तो नाकारणार नाही.

प्रयोग थांबलेला नाही. सेल्वीने जाताना सांगितलं होतं की सात नंबरच्या घराला आता मागचं घर उरलेलं नाही, शेजारी दुसरीकडे राहायला गेले. दोन गल्ल्या सोडून असलेल्या त्या घरात एक निवृत्त शाळामास्तरीणबाई एकट्या राहतात. चार दिवस विचार करून मी सेल्वीला फोन केला, माझं नाव घाल म्हणून. तिने विचारलं, "किती मिनिटं, सार?" मी म्हणालो, "आहेत तेवढीच असू दे."

गेल्या गुरुवारी सात वाजून दहा मिनिटांनी पहिला निरोप आला. कप ठेवला, गुडघ्याला पट्टा बांधला, गेलो. बाईंनी ओल्या केसांनी दार उघडलं आणि तमिळमध्ये मला झापलं. "काय हो? पूजेला बसले होते. आहे अजून मी!" मी माफी मागून वळलो, तर त्यांची नजर गुडघ्याच्या पट्ट्यावर गेली. "आता एवढं आलात तर बसा. कॉफी टाकते."

घरी येऊन मी तीच वही उघडली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, कारण लिहिलं : पूजा. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. खरा की खोटा... मग तिथे लिहिलं, कॉफी घेतली. अडतिसावी.