पोटदुखीचा वर्ग, देवळाच्या हॉलमध्ये

पाळीत पोट दुखणाऱ्या मुलींसाठी मी व्यायामाचा वर्ग काढला आणि तो देवळाच्या हॉलमध्ये ठेवला.

एवढं वाचून कुठल्याही बाईला पुढचं कळलं असेल. मला कळायला महिना लागला. बाहेरून आलेला शहाणा म्हणून मला सूट मिळावी, तर तीही सोय नाही. माझा जन्म मुठा खोऱ्यातला. पिरंगुटला माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. कंपनीतल्या कामगारांच्या कमरा आणि हिंजवडीच्या इंजिनिअरांच्या माना मी सरळ करतो. गावात मला तोंडावर 'डॉक्टर' म्हणतात आणि पाठीमागे 'मालीशवाला'. पाळी आलेली बाई आमच्या भैरवनाथाची पायरी चढत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घरातलं मीठ कुठल्या डब्यात असतं हे जसं पुरुषाला ठाऊक असतं, तसं ठाऊक होतं. कधी डबा उघडायची वेळ आली नव्हती. पुरुषाला देऊळ बारा महिने उघडं असतं.

निमित्त झालं भावकीतल्या एका मुलीचं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, एसटीनं कॉलेजला जायची. पहिल्या दिवशी तिच्या पोटात असा गोळा उठायचा, की उलट्या व्हायच्या. एकदा गाडीतच डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली, आणि ओळखीच्या एका बाईनं तिला रिक्षात घालून घरी आणलं. तिच्या वडिलांना मी दादा म्हणतो. बघायला गेलो, तर दादा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "आता अजून येकदा जरी हिला अशी उचलून आणावी लागली, तर कालेज बंद. स्थळं यायला लागलीच हायेत." पोर दाराआड उभी होती. पदवी पुरी करून लवळ्याच्या एखाद्या लॅबमध्ये नोकरी धरायची, हे तिचं गेल्या दिवाळीपासून चाललं होतं. त्या दिवशी ते सगळं तिच्या पोटावर येऊन टेकलं.

लेडी डॉक्टरांना दाखवून झालं होतं. सोनोग्राफी झाली, आत दोष काही निघाला नाही. त्यांनी गोळी दिली आणि नेमानं व्यायाम कर म्हणून सांगितलं. इथे माझा प्रवेश.

आमच्या ओसरीवर चटई टाकून मी तिला चार व्यायाम शिकवले असते, तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण माझ्या डोक्यात फ्लेक्स शिरला. गावात वाढदिवसाचा, निवडीचा, कशाचाही फ्लेक्स लागतो. माझा एकही लागला नव्हता. जमिनी विकलेल्या मंडळींनी देणग्या देऊन देवळापुढे, त्याच पायऱ्यांवर, नवा हॉल बांधला होता. गुळगुळीत फरशी, पंखे, भाडं नाही. तिथे फोटो फार चांगला आला असता. सरपंचांनी 'मासिक पाळी' हे शब्द फ्लेक्सवरून काढायला लावले आणि 'महिला आरोग्य' घातलं. फोटो माझाच राहिला, हात छातीवर बांधलेला.

पहिल्या आठवड्यात हॉल भरला. कॉलेजच्या मुली, दोन नव्या सुना, कोपऱ्यात आया. गुडघे छातीशी घेणं, हातपाय टेकून मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, तळपाय जुळवून गुडघे फुलपाखरासारखे हलवणं, रोज भरभर चालणं. मी ठणकावून सांगितलं, "महिनाभर करायचंच. पण दुखायला लागलं की घरी लोळत पडायचं नाही. त्या दिवशी तर हमखास यायचं!" आया एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, प्रभाव पडला.

देवळाशेजारच्या कट्ट्यावर म्हातारी मंडळी बसतात. तिसऱ्या आठवड्यात त्यांतल्या एकानं मला हाक मारली, "काय डाक्टर, आज वरल्या आळीची दिसली न्हाई ती?"

"येईल दोन-चार दिवसांनी," मी म्हणालो.

"व्हय व्हय, चार दिसांनीच यील!" कट्टा खदखदून हसला. "हजेरी मांडत जावा, डाक्टर. आमाला बी कळतंय मग."

मीही हसलो. मुलींच्या शिस्तीची चौकशी करतायत, असं वाटलं मला. एवढंच करून थांबलो असतो तरी चाललं असतं. ती वरल्या आळीची मुलगी परत आली, तेव्हा मी सगळ्यांदेखत विचारलं, "का गं, आली का नाहीस? दुखत होतं ना? मग तेव्हाच तर यायचं!" दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

घरी बायकोला कौतुकानं सांगायला गेलो. ती पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी जळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

"देवळात?" ती म्हणाली.

मग मला कळलं. माझ्या औषधाचा दिवस आणि दाराबाहेर राहायचा दिवस एकच होता. आणि जी आली नाही ती का आली नाही, हे कट्ट्यावर बसून अख्ख्या गावाला मोजता येत होतं.

"आपली ओसरी काय भाड्यानं दिली होती?" बायकोनं विचारलं. "आता तरी आणा त्यांना इकडं."

वर्ग ओसरीवर आणणं म्हणजे चुकलो असं गावापुढे कबूल करणं. फ्लेक्स उतरवावा लागला असता. तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता, म्हणून मी त्याहून मोठा मोठेपणा शोधला. ही प्रथाच चुकीची आहे, असं मी ठरवलं आणि वर्ग हॉलमध्येच ठेवला. आता प्रथा चुकीची आहे यात शंका नाही. पण मला ती सापडली कधी, तर माझी स्वतःची अब्रू अडकल्यावर.

एकेक आई आपली मुलगी काढून घेत गेली. भावकीतली पोर मात्र टिकली. तिचा त्या महिन्याचा पहिला दिवस प्रॅक्टिकलच्या दिवशीच आला होता. वर्गाला आली नाही, पण घरी व्यायाम करून, गोळी घेऊन, एसटीनं गेली आणि आपल्या पायांनी परत आली. दुखलं, पण उभी राहिली. दादासुद्धा म्हणाले, "बरं हाय की तुजं मालीश." मी फुगलो.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी ती पायऱ्यांच्या खाली, चपला काढतात तिथं येऊन थांबली. एका हातानं कठडा धरलेला, ओठ पांढरे.

"काका, मी हितंच करते. खाली. तुमी वरून सांगा."

कट्टा भरलेला होता. चपलांच्या शेजारी, त्या सगळ्यांपुढे ती हातपाय टेकणार, हे मला बघवेना. घरी जा, मी घरी येऊन सांगतो, हे सुचायला काही फार अक्कल लागत नाही. मी म्हणालो, "वर ये. काही होत नाही."

"नको, काका. दादा..."

"दादांना मी सांगतो. ये."

ती आली. माझ्यावर भरवसा ठेवून आली. खांबाआड चटई टाकून तिनं पाठ वर घेतली, खाली सोडली, आणि तिचा श्वास हळूहळू लांब व्हायला लागला. तेवढ्यात गुरव दिवा लावायला आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दिवा न लावताच पायऱ्या उतरून गेला.

सकाळी गावकीत ठरलं: ज्यांच्या घरची मुलगी, त्यांनी देऊळ धुऊन काढायचं. हॉलसाठी देणगी देणाऱ्यांत दादांचं नाव सगळ्यांत वर कोरलेलं. मी रक्ताभिसरण, संप्रेरकं, स्नायू असं सगळं मनाशी घोकून दादांकडे गेलो. ते देवळामागच्या नळावर बादल्या भरत होते. वहिनी पदर खोचून आत फरशी घासत होत्या.

"दादा, चूक माझी आहे. तिची नाही."

"तुजीच हाय. समद्या गावाला ठाव हाय." त्यांनी नळ बंद केला नाही. "पर तुला कुनी काय म्हनलं का?"

कोणी काही म्हणालं नव्हतं. येताना कट्ट्यावरच्या एकानं मला थांबवून स्वतःचा गुडघा दाखवला होता. मी बादली उचलायला गेलो, तर दादांनी माझ्या हातातून घेतली. "ठिव ती. तुजं काय काम न्हाई हितं." घोकलेलं सगळं तसंच घेऊन मी परत फिरलो. वाटेत विजेच्या खांबावर मी होतोच, हात छातीवर बांधून.

तिचं कॉलेज त्याच आठवड्यात बंद झालं. वर्षाची परीक्षा व्हायच्या आत तिला कासारसाईला दिली. एकदा मी दादांच्या दारापर्यंत गेलो होतो, परीक्षा तरी देऊ द्या असं सांगायला. आत पाहुणे होते. चहा घेऊन आलो. लग्नात मला आग्रहानं जिलेबी वाढली, तीही खाल्ली.

यंदा ती दवाखान्यात आली, सासूचा गुडघा घेऊन. सासूला आतल्या खाटेवर मशीन लावून मी बाहेर आलो. ती बाकावर बसली होती. बारीक झालेली, पण चेहरा शांत. मी माझ्या धंद्यातलंच विचारलं.

"व्यायाम करतेस का गं?"

"करते की. रोज हातपाय टेकले की आत्याबाई म्हनत्यात, ही काय थेरं. म्हनून पहाटं उरकते. आन् त्या चार दिसांत मागल्या खोलीत बसवत्यात. गवताच्या पेंढ्या असत्यात तितं. कोण येत न्हाई, कोण बघत न्हाई. निवांत करते."

"आणि दुखणं?"

"लई कमी हाय."

लोचटासारखा मी म्हणालो, "म्हणजे, उपयोग झाला म्हणायचा."

तिनं आतल्या पडद्याकडे बघितलं, सासू ऐकत नाही ना याची खात्री केली आणि माझ्याकडे वळली.

"व्यायामाचा झाला, काका. तुमचा न्हाई झाला."